जुन्या आरव्हीत गॅसगळती पकडायची कशाने: डिटेक्टर, साबणाचा फेस, प्रेशर टेस्ट की स्निफर?

अमेरिकेत जुनी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेताना आपली मंडळी इंजिन, टायर, छताची ओल सगळं निरखून बघतात आणि गॅसपाशी आली की ‘वास आला तर कळेलच’ म्हणून पुढे सरकतात. शेगडी, फर्नेस (गाडी गरम ठेवणारी भट्टी), गीझर आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्रिजसुद्धा प्रोपेनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसवर चालतो. तो वासही प्रोपेनचा नसतो, त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. नाक त्याला थोड्या वेळात सरावतं, आणि झोपेत तर नाकाचा काही भरवसाच नाही.

भिंतीतला डिटेक्टर माणसाला झोपेतून उठवतो, त्यामुळे पहिला मान त्याचा. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असल्याने तळाशी साचतो, म्हणून हा डिटेक्टर जमिनीलगत बसवतात. हवेत सुमारे २ टक्के प्रोपेन झाला की ठिणगी पुरते. डिटेक्टर त्याच्या बराच आधी कोकलतो. पण गळती कुठे आहे ते सांगणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. शिवाय हेअरस्प्रेने ओरडतो, बॅटरी उतरली तरी ओरडतो. वैतागून त्याची वायर तोडून ठेवणारे महाभाग आहेत. जुन्या गाडीत तो काढून त्याच्या पाठीवरची तारीख वाचा. बहुतेक मॉडेल ५ ते ७ वर्षांत बाद होतात, हिरवा दिवा जळत असला तरी.

फेसाचा खर्च जवळपास शून्य. आपल्याकडे सिलिंडर बदलल्यावर घरोघरी हेच करतात. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा आणि पिगटेलच्या (सिलिंडरपासून रेग्युलेटरपर्यंतच्या छोट्या नळीच्या) नटावर, रेग्युलेटरवर, शेगडीमागच्या जोडावर फेस लावा. मोठी गळती फसफसते. बारीक गळतीत मात्र नटाच्या एका कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे हळूहळू गोळा होतात, म्हणून लावून लगेच पुढे जाऊ नका, मिनिटभर बघत बसा. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण नको, पितळ खातो. मर्यादा एकच, पण मोठी: हात पोचेल तिथलीच गळती सापडते. गाडीच्या पोटाखालून आणि फर्निचरमागून गेलेल्या पाइपाचं काय?

त्याचं उत्तर प्रेशर टेस्ट. आरव्हीतली उपकरणं ११ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) एवढ्या दाबावर चालतात. सगळी बंद करून, लाइनला मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) जोडून, सिलिंडर बंद करतात, दाब ८ इंचांवर आणतात आणि ३ मिनिटं काटा बघतात. हलला नाही तर लाइन घट्ट आहे, हलला तर पुन्हा फेस घेऊन शोधायला लागायचं. आख्ख्या लाइनचा निकाल देणारी चाचणी एवढीच. माझ्या मते ही प्रमाणित आरव्ही टेक्निशियनकडून करून घ्यावी आणि गाडीचे पैसे मोजण्याआधी.

हातातला स्निफर, म्हणजे गॅस हुंगणारं यंत्र, दिसायला आकर्षक, अरुंद जागी उपयोगीही. पण दुसऱ्या वाफांनाही तो फसतो आणि त्याने दाखवलेली जागा शेवटी फेसानेच पक्की करावी लागते. पैसे उरले तर घ्या.

म्हणजे क्रम असा: नवा डिटेक्टर, मग प्रेशर टेस्ट, आणि फेसाची बाटली कायम गाडीत.

अलार्म झाला तर यातलं काहीच हातात घ्यायचं नाही. ज्योत विझवा, पण दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, एक्झॉस्ट पंखाही लावू नका. सगळ्यांना बाहेर काढा, निघताना दार उघडं टाका, बाहेरूनच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब गेल्यावरच ९११ला फोन. तपासणी होईपर्यंत व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा नाही.

आरव्ही भाड्याने घेत असाल तर प्रेशर टेस्ट कोणी करू देणार नाही. तेव्हा ताब्यात घेतानाच डिटेक्टरची तारीख विचारा. टेस्टचं बटण दाबून भागत नाही. त्याने भोंगा वाजतो हे कळतं, सेन्सर जिवंत आहे हे कळेलच असं नाही.