खाऱ्या पाण्याचे मासे धडधाकट, पण चिठ्ठीवरचं नाव तपासूनच घ्या

पश्चिम नागपुरातल्या या मत्स्यालयाच्या दुकानात खाऱ्या पाण्याच्या टाक्या आतल्या खोलीत आहेत. मासे उत्तम. कल्ल्यांची हालचाल संथ, अंगावर पांढरे ठिपके नाहीत, टाकलेलं खाणं लगेच उचलतात. पाणी २६ अंशांवर, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२५. नागपूरच्या मे महिन्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, हे जमत नाही. इथे चिलर आहे. अडचण आहे ती नावांची.

पर्क्युला आणि ऑसेलॅरिस या क्लाउन माशाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती. ‘पर्क्युला’ची चिठ्ठी लावलेल्या टाकीतले बहुतेक क्लाउन ऑसेलॅरिस आहेत, दर मात्र पर्क्युलाचा. अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या काळ्या किनारीवर जाऊ नका. पर्क्युलाची जाड काळी किनार वयाबरोबर येते, त्यामुळे ३-४ सेंमीच्या पिल्लांत दोन्ही जाती सारख्याच दिसतात. पाठीवरच्या परातले (फिनमधले) पुढचे टणक काटे मोजा: ऑसेलॅरिसला सहसा ११, पर्क्युलाला १०. फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल काचेला समांतर धरून लागोपाठ पंधरा-वीस फोटो काढा. मासा दुसऱ्याला हुसकावताना पर ताठ उभारतो, तेव्हाचा फोटो मोठा करून मोजा. पहिला काटा आखूड असतो. तो सुटला की अकराचे दहा होतात आणि ऑसेलॅरिस पर्क्युला ठरतो! क्वचित एखाद्या माशात काटा कमी निघतोच, म्हणून डोळाही पाहा. पर्क्युलाच्या बाहुलीभोवती झळझळीत नारिंगी कडं असतं, डोळा लहान वाटतो. ऑसेलॅरिसचं कडं करडं, मळकट. डोळा मोठा आणि काळा दिसतो.

काउंटरवर ‘अंदमानचा पर्क्युला’ असंही सांगतात. निसर्गात पर्क्युला क्वीन्सलंडचा उत्तर भाग, न्यू गिनी, सॉलोमन बेटं या पट्ट्यात राहतो. अंदमानात असतो तो ऑसेलॅरिस.

‘यलोटेल डॅमसेल’ या छोट्या निळ्या माशाच्या टाकीत पॅरासेमा आणि हेमिसायनिया अशा दोन जाती मिसळल्या आहेत. पिवळा रंग फक्त शेपटीकडे असेल तर पॅरासेमा. पोट आणि खालचे परही पिवळे असतील तर हेमिसायनिया. दर सारखाच, त्यामुळे नुकसान नाही.

लेमनपील एंजल या पिवळ्या माशाच्या टाकीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. चॉकलेट सर्जन या वेगळ्याच माशाचं पिल्लू हुबेहूब त्याच पिवळ्या रंगाचं असतं, डोळ्याभोवतीची निळी छटासुद्धा नक्कल करतं. खरी खूण गालावर: एंजलच्या कल्ल्याच्या झाकणाखाली मागे वळलेला ठळक काटा असतो. सर्जनच्या गालावर तो नसतो, त्याचं पातं (धारदार काटा) शेपटीच्या बुडाशी. चूक झाली तर लेमनपील १४ सेंमीवर थांबेल, सर्जन २५ सेंमीच्या घरात जाईल आणि दोनशे लिटरची टाकी त्याला अपुरी पडेल.

मालकांना विनंती केली की ते मासा पारदर्शक डब्यात वेगळा काढून देतात, घाई करत नाहीत. ही सोय पैसे देण्याआधीच वापरा. एकदा पिशवी बांधली की मासा परत घेत नाहीत.