ओएसएस ११७ की हॅरी पामर?

साठच्या दशकातले युरोपीय हेरपट पाहायला बसताना ओएसएस ११७ आणि हॅरी पामर यांतून एकाची निवड करायची असेल, तर दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

ओएसएस ११७ हा फ्रेंच लेखक जाँ ब्रूस यांचा हेर-नायक. त्याची पहिली कादंबरी 1949 ची, म्हणजे बाँड छापून येण्याच्या चार वर्षे आधीची. त्याला बाँडची नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे. दिग्दर्शक आंद्रे ह्युनेबेल यांनी पडद्यावर त्याला 1964 मध्ये बँकॉकला नेलं, 1965 मध्ये ब्राझीलला. ऊन, समुद्र, मारामारी, मिशेल मान्य यांचं संगीत. सामान्य प्रेक्षकाला विमानप्रवास परवडत नव्हता तेव्हा ही सफर तिकिटाच्या पैशांत घडत होती. कथानक मात्र पातळ.

पामर लंडनचा हेर. ‘द इप्क्रेस फाइल’ (1965) मध्ये पामर झालेला, चष्मा लावलेला मायकेल केन स्वतः कॉफी दळतो, ऑम्लेट करतो, फॉर्म भरतो आणि पगारवाढीतून स्वयंपाकघरात नवी ग्रिल घ्यायची म्हणतो. निर्माते हॅरी सॉल्ट्झमन, संगीतकार जॉन बॅरी, कलादिग्दर्शक केन अ‍ॅडम ही सगळी बाँडपटांचीच माणसं. तरी चित्रपट अगदी उलट दिशेचा. कॅमेरा खांद्याआडून, दिव्याच्या शेडखालून, तिरका बघतो, आणि आपणही कुणावर तरी पाळत ठेवतोय असं वाटू लागतं. बॅरी यांच्या सिंबलॉमचे (काड्यांनी तारा छेडून वाजवायचं वाद्य) ते थरथरते सूर तर विसरताच येत नाहीत.

रविवारच्या दुपारी घरच्यांसोबत बघायला ओएसएस ११७ उत्तम. पण एकच बघणार असाल तर माझं मत ठामपणे पामरला.