डोक्यातल्या सोरायसिससाठी टार शॅम्पू: काम करतो, पण वास!!

पाचपैकी चार स्टार देतेय, एक कापलाय तो निव्वळ वासासाठी. नवीन रस्ता केल्यावर येतो ना तस्साच, आणि येणारच कारण आत खरंच डांबर आहे, कोल टार, सोबत सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, मेडिकलवाला एक नसला की दुसरा हातात देतो, त्यामुळे बाटली उलटी करून हे दोन घटक आहेत का तेवढं बघा.

ज्यांना वाटतंय हा कोंड्याचाच महागडा शॅम्पू, तर नाही हो. कोंड्यात पिवळट, तेलकट भुगा पडतो. सोरायसिसच्या खपल्या जाड, चंदेरी, चट्ट्याची कड एकदम स्पष्ट, आणि तो केसांत थांबत नाही, कपाळावर, कानामागे, मानेपर्यंत उतरतो. आपलीच इम्युन सिस्टिम भडकते आणि जी कातडी बदलायला साधारण महिना लागतो ती ३-४ दिवसांत बदलायला लागते, जुनी गळायच्या आत नवी हजर, मग थरावर थर. बुरशीवरचा केटोकोनाझोल शॅम्पू एकटा इथे फारसा पुरत नाही तो म्हणूनच. काहींना दोन्ही एकत्र असतं, ते बघून ठरवायचं काम स्किनच्या डॉक्टरांचं.

आता वापरायचं कसं, कारण वाईट रिव्ह्यू लिहिणारे अर्धे लोक इथेच घोळ घालतात. हा केसांना लावायचा शॅम्पू नाही, कातडीला लावायचा आहे. माझे केस लांब आहेत, त्यामुळे भांग पाडत पाडत बोटाने लावावं लागतं, मग ५-१० मिनिटं तसंच ठेवायचं (लेबलवर असेल तेवढं) आणि भरपूर पाण्याने धुवायचं. खपल्या खूप जाड असतील तर आदल्या रात्री खोबरेल लावून मऊ करून घ्या. फणीने खरवडू नका प्लीज, खाजवून जखम झाली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो. आणि लिंबू चोळ म्हणणारी एक आत्या प्रत्येकाच्या घरी असते, तिला चहा द्या पण डोकं देऊ नका, आग आग होते.

रिझल्ट म्हणाल तर खाज आधी कमी झाली, खपल्या नंतर, हळूहळू. काळा कुर्ता परत घालायला लागले एवढं पुरे. पण लालसरपणा नुसत्या शॅम्पूने गेला नाही, त्यासाठी डॉक्टरांनी स्टेरॉइडचं लोशन दिलं, ठराविक आठवडेच लावायचं असं बजावून. ते आपल्या मनाने मेडिकलमधून आणून महिनोन् महिने चोपडू नका, कातडी पातळ होते आणि बंद केल्यावर दुप्पट उसळू शकतं. स्टेरॉइड नको असेल तर कॅल्सिपोट्रिऑल (व्हिटॅमिन डीच्या जातीचं, वरून लावायचं औषध) पण असतं, डॉक्टरांना विचारून बघा. आजार मुळापासून जात नाही, कंट्रोलमध्ये राहतो, "कायमचा बरा करतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तोटे अजून: केस कोरडे होतात, उशीच्या अभ्र्याला डाग पडू शकतात, पांढरे किंवा ब्लीच केलेले केस पिवळट दिसू शकतात. टारमुळे उन्हाचा त्रास जास्त होतो म्हणून लावून लगेच टू-व्हीलरवर उन्हात निघू नका. प्रेग्नंट असाल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

पार्लरमध्ये "हे लागतं का?" विचारतात. लागत नाही. कंगवा, टॉवेल, उशी, कशानेच नाही. मी आता खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकते.

आणि सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील किंवा नखांवर बारीक खड्डे दिसत असतील तर शॅम्पू राहू दे बाजूला, आधी डॉक्टरांना सांगा, सोरायसिस सांध्यांतही जातो.