लिबपीकॅप: रॉ सॉकेटचा खटाटोप केल्यानंतरचे मत

लिनक्सवर सी भाषेत एएफ_पॅकेटचे रॉ सॉकेट (नेटवर्कवरचा मजकूर जसाच्या तसा प्रोग्रॅमला देणारे द्वार) उघडून पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडणे हे जेमतेम दहा ओळींचे काम आहे; परंतु नको असलेली पॅकेटही प्रोग्रॅमपर्यंत येत राहतात आणि ती कर्नलमध्येच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच) गाळायची, तर बीपीएफच्या (कर्नलमधील पॅकेट-गाळणीच्या) सूचना हाताने आकड्यांत लिहाव्या लागतात. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत टीसीपीडम्प या पॅकेट पाहण्याच्या साधनाच्या जोडीने घडलेली लिबपीकॅप ही लायब्ररी नेमकी येथे उपयोगी पडते, कारण ‘टीसीपी पोर्ट ८०’ एवढा साधा मजकूर दिला की त्या सूचना ती स्वतः तयार करून कर्नलकडे सोपवते. एवढ्यासाठीसुद्धा मी ती वापरेन.

पकडलेल्या पॅकेटची पुढची उकल मात्र आपल्यालाच करावी लागते. इथरनेट हेडरचे (पॅकेटच्या आरंभीच्या माहितीचे) १४ बाइट सोडून आयपी हेडर वाचणारा माझा कोड सगळे नेटवर्क इंटरफेस एकत्र ऐकणाऱ्या ‘एनी’ या इंटरफेसवर भलतेच पत्ते छापू लागला; तेथे १६ बाइटांचे निराळे हेडर येते, हे हेडरचा प्रकार सांगणाऱ्या पीकॅप_डेटालिंक या फंक्शनला न विचारल्यामुळे मला संध्याकाळभर उमगले नाही. दोष अर्थातच माझा होता. रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) किंवा कॅप_नेट_रॉचा (रॉ सॉकेट उघडू देणाऱ्या परवानगीचा) अधिकार दोन्ही मार्गांना लागतोच, त्यात सुटका नाही.