एनव्हिडिया धरून ठेवायचा की नॅस्डॅक-१०० फंड?

नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचा शेअर सुमारे ६६ टक्के पडला, नॅस्डॅक-१०० (अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारातल्या सुमारे शंभर मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) साधारण ३५ टक्के. पहिल्याला मूळ भाव गाठायला जवळजवळ तिप्पट व्हावं लागतं, दुसऱ्याला दीडपटीहून थोडं जास्त. एनव्हिडिया सावरला; सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या शेअरला मात्र मार्च २००० चा उच्चांक गाठायला २५ वर्षं लागली. फंडात मागे पडलेल्या कंपनीचं वजन (फंडातला वाटा) आपोआप घटतं. एकट्या शेअरमध्ये ते काम आपलं: एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांपर्यंतच घ्या, १० टक्क्यांवर गेला की जादा भाग विका. दर तिमाहीला एनव्हिडियाची डेटा सेंटरसाठीची विक्री आणि सकल नफ्याचं प्रमाण (विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता किती टक्के उरतं) तपासा. नुसता भाव पडला म्हणून विकू नका. नफ्याचं प्रमाण सलग घसरलं तर विका. पाच वर्षांत लागणारे पैसे दोन्हींत नकोतच.