ॲलर्जीसाठी शाळेत काय ठेवावं: गोळी, अँप्युल की पेन?

माझ्या भाचीला कोळंबी सोसत नाही. तिच्या वर्गातल्या एकाला काजू चालत नाही, आणि आमच्याकडे तर मार्चपासून डब्याडब्यांत ओल्या काजूगरांची उसळ. अशा मुलासाठी शाळेत औषध ठेवायचं तर कोणतं?

सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी स्वस्त, घ्यायला सोपी. अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, तर पुरते. पण तिचा गुण यायला अर्धा-एक तास लागतो. आवाज बसला, दम लागला, ओठ-जीभ सुजली किंवा मूल एकाएकी गळून गेलं, तर तेवढा वेळ हातात नसतो. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच द्यावं लागतं. गोळीच्या भरवशावर थांबणं जिवावर बेतू शकतं.

ॲड्रेनॅलिनचं पेन, म्हणजे पेनसारखं तयार इंजेक्शन, कपड्यावरूनही टोचता येतं आणि डोस आधीच भरलेला असतो: १५ ते ३० किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम, त्यापुढे ०.३. शिक्षकांच्या हातात द्यायला हेच सर्वांत बरं. अडचण एवढीच की गावच्या मेडिकलात ते सहसा मिळत नाही, बाहेरून मागवलं तर महाग पडतं, आणि वर्ष-दीड वर्षात बदलावं लागतं.

अँप्युल, म्हणजे ॲड्रेनॅलिनची काचेची छोटी कुपी, किरकोळ पैशांत मिळते. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध, म्हणून २० किलोच्या मुलाला ०.२ मिलि. ऐकायला सोपं. पण काच फोडून, बारीक सिरिंजमध्ये मोजून भरायचं, तेही समोर मूल घुसमटत असताना! दशांशचिन्ह चुकलं तर दहापट डोस जातो. लसीकरणाच्या वेळी अशी रिॲक्शन आली तर सिस्टर एक डोस देऊ शकतात, कारण त्यांना ते शिकवलेलं असतं. शिक्षकांनाही डॉक्टरांची लेखी सूचना आणि सराव हवाच.

नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत २०२४ साली मंजूर झाला, पण आज आपल्याला त्यावर विसंबता येणार नाही.

माझं मत अंतरावर ठरतं. आरोग्य केंद्र शाळेला लागून असेल, तर तिथल्या अँप्युलवर भागेल. फक्त डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. शाळा सड्यावर किंवा खाडीपलीकडे असेल, तर खर्च सोसून पेनच घ्या, जमल्यास दोन. ते मे महिन्यात तापणाऱ्या पत्र्याच्या कपाटात नको, फ्रीजमध्येही नको. २५ अंशांच्या आत, अंधारात ठेवा. कुलूप तर मुळीच नको.

टोचल्यावर मुलाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. १०८ ला फोन करा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस लागतो. मूल हसायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.