वसई, कोर्लई, जव्हार की माथेरान? ठाणे-नवी मुंबईहून दोघांनीच निघायचं तर

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या जोडप्याने 'कुठेतरी जुन्या, शांत जागी जाऊ' असं म्हटलं की पहिलं नाव निघतं मुरूड-जंजिऱ्याचं. जंजिरा आयुष्यात एकदा बघायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. सिद्द्यांचा हा जलदुर्ग मराठ्यांना शेवटपर्यंत हाती लागला नाही, यातच त्याची थोरवी कळते. पण दोघांनीच जायचं असेल तर मी तो यादीतून आधी काढते. राजपुरीला शिडाची होडी भरेपर्यंत थांबायचं, दरवाज्याशी हेलकावे खाणाऱ्या होडीतून गर्दीबरोबर उतरायचं आणि नावाडी परत बोलावेपर्यंत कलालबांगडी तोफ, तलाव, वाड्याचे अवशेष असं सगळं उरकायचं. पावसाळ्यात होड्याही बंद. घरच्यांना, मित्रमंडळींना घेऊन खुशाल जा.

दोघांसाठी माझी कसोटी साधी आहे. कुणी 'चला, चला' म्हणणारं नसावं, टेकायला सावली असावी, आणि समोरच्या दगडामागची गोष्ट आधी थोडी वाचून गेलं तर बोलायला विषय पुरावा. तशी आपल्या टप्प्यातली चार ठिकाणं मला ठाम सांगता येतात: वसईचा किल्ला, रेवदंडा-कोर्लई, जव्हारचा राजवाडा आणि माथेरानचे जुने बंगले. चारही सुंदर आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

सगळ्यात जवळ वसई. ठाण्याहून घोडबंदर रोडने गायमुखचा घाट ओलांडून हायवेला लागायचं. सकाळी सातच्या आत निघालात तर प्रवास सुखाचा होतो, नऊनंतर अवजड गाड्यांच्या मागे अडकून मूड जायला वेळ लागत नाही. लोकलने यायचं तर दादरला बदलून वसई रोड, पुढे रिक्षा. दिवा-वसई मार्गावरच्या मेमू सोयीच्या आहेत, पण मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला. म्हणून वसईला तटबंदीपेक्षा तटाच्या आत जास्त बघण्यासारखं आहे. तिथे एक आख्खं शहर नांदत होतं. चर्च, मठ, विद्यालय, श्रीमंतांची घरं. आज छपरं गेलीत, भिंती उभ्या आहेत आणि कमानींतून वडा-पिंपळाची मुळं उतरलीत. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये गेलात की आधी खाली बघा. जमिनीत कबरींच्या फरश्या बसवलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली, काही पायांनी झिजून गुळगुळीत झालेली, काही अजून बोटाने गिरवता येतील इतकी ठसठशीत. वाकून अक्षरं लावत बसलं की अर्धा तास कसा जातो कळत नाही. सेंट जोसेफच्या मनोऱ्याचा गोल जिना उघडा असेल तर चढा. आत अंधार आहे आणि वाट अरुंद, एकामागे एकच माणूस जातो. वरून ताडाच्या शेंड्यांपलीकडे खाडी दिसते.

मनोरे आहेत, घंटा मात्र नाहीत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीजांना कुटुंबकबिल्यासह बाहेर पडू दिलं आणि विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा मराठ्यांनी सोबत नेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला टांगलेल्या पोर्तुगीज घंटा याच मोहिमेतल्या असं सांगितलं जातं. वसई बघून झाल्यावर पुढे कधी मेणवलीला गेलात तर ती घंटा तुम्हा दोघांना वेगळीच वाटेल. परतीला हातात वेळ असेल तर वज्रेश्वरी गाठा. मोहिमेआधी आप्पांनी याच देवीला नवस बोलल्याची आठवण सांगतात, आणि देऊळ विजयानंतर उभं राहिलं.

वसईची अडचण रविवारची. प्री-वेडिंगवाले फुगीर झगे आणि रंगीत धूर घेऊन प्रत्येक कमान अडवून बसतात. ट्रायपॉड लावून शूटिंग करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे तुमच्याही मनात असेल तर आधी पाहून ठेवा. शक्यतो कामाच्या दिवशी सुट्टी टाका. मग दुसरं टोक येतं: काही कोपरे फारच निर्मनुष्य असतात. ऊन कललं की मुख्य वाटेवर या, अंधारात आत थांबू नका. आणि एक कळकळीने सांगते, भिंतीवर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांत तुम्ही नसा. तो गुन्हा तर आहेच, पण साडेचारशे वर्षं टिकलेला गिलावा एका किल्लीच्या टोकाने जातो आणि परत येत नाही.

आता कोर्लई. हे माझं सर्वांत लाडकं. राज्य तेच पोर्तुगीजांचं, १५९४ मध्ये त्यांनी निजामशाहीकडून हा किल्ला जिंकला. पण वसईत तुम्ही एका मोडलेल्या शहरातून हिंडता, कोर्लईत समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या पाठीवरून चालता. एका अंगाला खुला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिका नदीचं मुख आणि पलीकडे रेवदंड्याच्या माडांची रेघ. किल्ला लांबट आणि इतका चिंचोळा की दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी दिसत राहतं. आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडलेत. प्रत्येक भिंतीला एक दार, त्यातून गेलं की पुढचा कप्पा, पुढचं दार. मधे छप्पर गेलेलं चर्च. त्याच्या भिंतीच्या सावलीत बसून डबा खाण्याइतकी निवांत जागा मला आपल्या किनाऱ्यावर दुसरी सापडलेली नाही. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढतात, तब्येत बरी असेल तर फार दमवत नाहीत. बाकी सावली जवळजवळ नाही, तेव्हा मार्चनंतर जायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत खाली उतरा.

डोंगराच्या पायथ्याला कोर्लई गाव आहे आणि तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून एक भाषा बोलली जाते, जिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून ती घडली. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, भाषा राहिली. बोलणारे आज हजाराच्या आसपास. घरांसमोर मोबाईल धरून उभं राहू नका, एवढीच विनंती. दुकानात काही घेताना कानावर चार शब्द पडले तर ते भाग्य समजा.

रेवदंड्याच्या कोटात किल्ला आणि वाड्या एकमेकांत मिसळल्यात. तटाच्या आत नारळी-पोफळी, विहिरी, माणसांची घरं आणि मधेच सातखणी मनोरा. शेजारच्या चौल बंदरात पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. जेवायला घरगुती खाणावळ बघा. जिताडा मासा मिळाला तर दुसरं काही मागवू नका. थंडीत गेलात तर पोपटीची चौकशी करा: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी, आणि शेकोटी पेटवून ती शिजेपर्यंतच्या गप्पा.

मात्र कोर्लई एका दिवसात बसवू नका. पनवेलहून अलिबागच सुमारे ७५ किलोमीटर आहे, वडखळला वेळ जातो, अलिबागपुढचा रस्ता अरुंद आहे. नवी मुंबईकरांना पेणवरून रस्ता सरळ पडतो. ठाणेकरांनी गाडी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने (गाड्याही नेणाऱ्या) मांडव्याला उतरवण्याचा विचार करावा, पैसे जास्त जातात पण निम्मा प्रवास डेकवर शेजारी उभं राहून होतो. रात्री रेवदंड्याला मुक्काम, सकाळी कोर्लई, आणि परतताना ओहोटीची वेळ जुळली तर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन यायचं. भरती-ओहोटीचं गणित स्थानिकांना विचारूनच पाय टाका.

जव्हारचं सगळंच निराळं. इथे किल्ला नाही, राजवाडा आहे. महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं हे संस्थान, १९४८ मध्ये ते विलीन झालं. गावाबाहेर झाडीत गुलाबी दगडाचा घुमटांचा जय विलास उभा आहे. तो खासगी मालकीचा आहे, म्हणून आत जायच्या वेळा आणि फोटोंचे नियम आधी विचारून निघा. वाड्यात फार तर तासभर जाईल, हे खरं. निव्वळ वाडा बघायला शंभरेक किलोमीटर आलात तर हिरमोड होईल. पण जव्हारला जायचं ते पावसाळा आणि त्यानंतरच्या आठवड्यांत: दाभोसा धबधबा भरलेला, भाताची खाचरं हिरवीगार, हनुमान पॉइंटवर ढग अंगावर येतात. शिरपामाळावर नक्की थांबा. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, अशी गावाची आठवण आहे. वारली चित्रं घ्यायची तर काढणाऱ्याच्याच हातून घ्या. भिवंडी-वाडा रस्ता पावसात खड्ड्यांनी जीव खातो, तेव्हा पाठदुखी असणाऱ्याने हा बेत ऑक्टोबरवर ढकलावा.

माथेरान मी शेवटी सांगते आहे, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि तरी चुकीच्या पद्धतीने बघितलं जातं. १८५० मध्ये ठाण्याच्या कलेक्टरने, ह्यू मॅलेटने, ते हेरलं. त्यानंतर इंग्रजांनी आणि पारशी, बोहरी श्रीमंतांनी झाडीत बंगले बांधले. १९०७ ची नेरळची छोटी गाडीही एका बोहरी उद्योगपतीच्या, आदमजी पीरभॉय यांच्या, पैशातून धावली. बाजार आणि पॉइंट सोडून लाल मातीच्या आतल्या वाटांनी चाला. गंजलेली फाटकं, रुंद व्हरांडे, आरामखुर्च्या, शेवाळलेले दगडी खांब दिसतील. काही बंगल्यांत आता राहताही येतं, आणि मुक्काम करायचा तर अशाच एखाद्या जागी करावा. गाड्यांना बंदी असल्यामुळे संध्याकाळी पावलांचा आवाज ऐकू येतो. चालायचा कंटाळा असणाऱ्या जोडीदाराला मात्र इथे आणू नका. ठाण्याहून कर्जत लोकल, नेरळला उतरून दस्तुरीपर्यंत, म्हणजे गाड्या जिथवर जातात तिथवर, टॅक्सी. नवी मुंबईहून पनवेलमार्गे गाडीने. गाडी नसलेल्यांना चारांत हेच सर्वांत सोपं.

एकच दिवस हातात आणि दोघांनाही इतिहासात रस असेल तर डोळे मिटून वसई निवडा. लग्नाला वर्षं झालीत, मुलं आजीकडे राहू शकतात आणि दोन दिवस मोकळे आहेत, तर कोर्लईसमोर मला बाकी तिन्ही फिके वाटतात. पाऊस दोघांचाही आवडता असेल तर जव्हार. एकाला इतिहासात अजिबात गोडी नसेल तर माथेरान, कारण तिथे काही माहीत नसतानाही दिवस चांगला जातो.

आणि फक्त एक संध्याकाळच मिळणार असेल, तर ठाणेकरांनी घोडबंदरच्या कोटावर जाऊन खाडीकडे तोंड करून बसावं. नवी मुंबईकरांना बेलापूरच्या किल्ल्याचा उरलेला बुरूज आहे. तिथे पाहण्यासारखं थोडंच उरलंय, पाऊण तास पुरतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा आणि डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.